चिठ्ठी न बांधलेली दुर्बीण

स्प्रिंगफील्ड, व्हरमाँट
२ मे १९५४

इरेन,

नाताळचं कार्ड आलं ते शेवटचं. नंतर मेलीस की काय? मेली असशील तर कुणाकडून तरी कळव, म्हणजे मी टपालवाल्याची वाट बघायचं सोडते.

इथे सगळं तसंच. पापा जाऊन इतके दिवस झाले तरी गिऱ्हाइकं अजून दारात उभं राहून विचारतात, "मालक कुठे आहेत?" मी सांगते, "चर्चच्या मागे, जमिनीखाली. काम असेल तर माझ्याशी बोला." मग टोपी काढतात आणि बोलतात.

सध्या जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणीसाठी नवा बारीक स्क्रू बसवायच्या मागे आहे. चकती बोटभर फिरवली की नळी केसाएवढी हलली पाहिजे. हलते, पण तुला माहीत आहे ती पीडा. नट कितीही चांगला कापा, आट्यांत जराशी मोकळी चाल राहतेच. दिशा बदलली की स्क्रू आधी ती मोकळी चाल खातो, मग नळी हलवतो. चकती म्हणते पोचलो, नळी अजून मागेच. म्हणून समोरून स्प्रिंग द्यायची, नळी एका अंगाला दाबून धरायला. माझ्या हाताखालच्या बोलेकनं अशी जाडजूड स्प्रिंग वळून आणली की लेथवरून सुटून माझ्या भुवईत बसली. रक्तानं डोळा भरला. मी हातातला पाना फेकला. बोलेकनं डोकं वाचवलं, खिडकीला वाचवता आलं नाही. नंतर दोघांनी बसून वाटाण्याचं सूप प्यायलं. तीन टाके पडले.

प्रत्येक यंत्राला पापाची चिठ्ठी अजून बांधते. "आकड्यावर नेहमी खालून वर या. पुढे गेलात तर पार मागे जा आणि पुन्हा या." खालून आलं की मोकळी चाल आधीच खाल्लेली असते, आकडा खरा लागतो. आठवते ना त्यांची पोलादी पट्टी? वरून खाली आलो की बोटांच्या सांध्यांवर, तीही कडेनं. तुझी करंगळी तेव्हाचीच वाकडी. पण बरं केलं त्यांनी. नाहीतर दोघी सूतगिरणीत खोकत मेलो असतो.

लिही. नाहीतर मी येऊन उभी राहीन, आणि मी आले की काय होतं तुला माहीत आहे.

ओरोर


लाँग पाँड, मेन
२३ मे

प्रिय ओरोर,

रागावू नकोस. लाकडाच्या ढिगावरून घसरले, उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून लिहिलं नाही. आता अक्षर जरा वाकडं येतं एवढंच.

ओनेझीम बरे आहेत. लाकूडतोडीचं काम संपलं, आता घरीच असतात. गेल्या रविवारी भावाच्या आरागिरणीवर पैज लागली होती. कुंपणावर ठेवलेली नाणी त्यांनी बंदुकीनं एकामागून एक उडवली. या भागात त्यांच्यासारखा नेम कुणाचाच नाही असं सगळे म्हणतात. पण बंदुकीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू झिजलाय. आकडा लावला तर राहत नाही. ते म्हणतात, "तुझी बहीण एवढी मोठी कारागीर, तर मेहुण्यासाठी एवढं करेल की." टपालानं पाठवतोय. नवा स्क्रू, नवी चकती, जे लागेल ते कर.

ते इथेच उभे आहेत, तुला नमस्कार सांगतात.

इरेन


स्प्रिंगफील्ड
११ जून

इरेन,

दुर्बीण पोचली. कसायानं सुरी ठेवावी तशी ठेवलीये तुझ्या नवऱ्यानं. कोपऱ्यात सुकलेलं रक्त आहे, हरणाचं असेल असं धरून चालते.

लाकडाच्या ढिगावरून घसरलीस. मागच्या हिवाळ्यात पायरीवरून घसरलीस. त्याआधी तळघरात. तुझ्या घरात सगळं घसरडं आहे की तिथे कुणी ढकलणारा आहे? सरळ लिही. हात उगारत असेल तर एवढं रडायचं काय त्यात? पापानं आपल्याला कमी मारलं का? माझ्या लिओनं लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा हात उचलला. तापलेला बिडाचा तवा त्याच्या पाठीत घातला मी. पुढची अठरा वर्षं सुखात गेली, तो मरेपर्यंत. तूही तवा उचल. बहीण माझी आहेस, शेळी नाहीस.

दुर्बिणीला वेळ लागेल. त्याला सांग, चांगलं काम घाईत होत नाही.

ओरोर


१५ ऑगस्ट

ओरोर,

हे पत्र शेजारच्या म्हाताऱ्या मादाम ओद्रीकडून टाकतेय. ती पलीकडच्या गावात पोस्टात देईल. इथलं टपाल ओनेझीम आणतो, तुझं प्रत्येक पत्र तो आधी फोडून वाचतो. तव्याबद्दलचं पत्र त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग चुलीवरचा तवा उचलला, म्हणाला, "हा का?" माझ्या पाठीवर त्याची कड अजून आहे.

हात ढिगावरून पडून मोडला नाही. त्यानं दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. आधी हळू, मग पाठ टेकून. तसाच उभा राहून पाईप ओढत होता.

मागच्या आठवड्यात कुत्रा माझ्या मागे मागे रस्त्यापर्यंत आला. मी फक्त मादाम ओद्रीकडे अंडी द्यायला चालले होते. ओनेझीमनं ओसरीवरून, दुर्बीण नसताना, कुत्र्याला मागच्या पायात गोळी मारली. मग जवळ जाऊन बंदुकीच्या दस्त्यानं संपवलं. सावकाश. मला बघायला लावलं. म्हणाला, "दुर्बीण येऊ दे. मग तू किती लांब जातेस बघू. दोन खांद्यांच्या मधे." हसून नाही म्हणाला. हवापाणी सांगावं तसं म्हणाला.

रस्ता त्याच्या भावाच्या गिरणीसमोरून जातो, तिथून मी निसटणार नाही. तळं गोठलं की बर्फावरून पलीकडच्या चर्चपर्यंत चालत जाता येईल. डिसेंबरात जाईन. फादरना मादाम ओद्रीनं सांगून ठेवलंय.

दुर्बीण ठेवून घेऊ नकोस, तो तिकडे येईल. नाहीतर दुसरी घेईल. आणि उत्तरात यातलं काहीच लिहू नकोस. मला घ्यायलाही येऊ नकोस. तू आलीस तर तो दोघींना मारेल, आणि तू त्याला चिडवल्याशिवाय राहणार नाहीस.

इरेन


स्प्रिंगफील्ड
२० सप्टेंबर

प्रिय इरेन आणि ओनेझीम,

उशीर झाला, माफी असावी. ओनेझीम, तुमची दुर्बीण मी स्वतः केली, बोलेकला हातही लावू दिला नाही. जुना नट फेकून दिला. नळीखाली नवा स्क्रू आहे, चकतीवर आकडे नव्यानं कोरलेत. जवळच्या नेमासाठी खालचा आकडा, तळ्यापलीकडच्या हरणासाठी वरचा. वापरायला काहीच अवघड नाही, आकड्यावर आणून थांबवा की झालं. पैसे पाठवू नका, घरचंच काम.

आधीच्या पत्रात मी तव्याबद्दल काहीबाही लिहिलं. आम्हा बायकांचं डोकं तसलंच. मनावर घेऊ नका. इरेन, नवऱ्याची काळजी घे.

ओरोर


काउंटीचा तुरुंग, मेन
९ जानेवारी १९५५

ओरोर,

जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत नाही, म्हणून लिहिते. ओनेझीम मेला. मी मारला. वकिलानं तुला कळवलंच असेल, पण माझ्याकडूनही कळावं.

तुझी दुर्बीण आली तेव्हा त्यानं ओसरीवरून तळ्यापलीकडचा खुंट उडवला. पहिल्या गोळीत. म्हणाला, "म्हातारी भांडकुदळ आहे, पण हात सोन्याचा." सगळी शिकार त्यानं पलीकडच्या काठावर केली, एकही हरीण सुटलं नाही. डबीला पापाची चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, घाईत राहिली.

बर्फ धरल्यावर एका सकाळी तो भावाकडे गेला आणि मी निघाले. निम्मं तळं पार झालं नव्हतं तोच मागून त्याची हाक आली. वळून बघितलं तर तो ओसरीवर उभा होता. बंदुकीवर वाकून चकती फिरवत होता, लांबच्या आकड्यावरून जवळच्यावर आणत होता. मी पळाले. पहिली गोळी डोक्यावरून गेली. दुसरीही. तिसरीनं माझी टोपी हलली असं वाटलं, पण ती वाऱ्यानं असेल.

मग तो बर्फावर धावत आला. मी घसरून पडले होते. दस्त्यानं तोंडावर मारलं, दोनदा की तीनदा, मला नीट आठवत नाही. दात बर्फावर पडले ते दिसले. बंदूक माझ्या अंगावर फेकून म्हणाला, "तुझ्या बहिणीचं यंत्र! ठेव जवळ. मी कुऱ्हाड आणतो, भोक पाडतो, त्यातून तू आणि ते दोघंही खाली." आणि घराकडे गेला. पळून कुठे जाणार होते मी? उठताही येत नव्हतं.

कुऱ्हाड घेऊन परत निघाला तेव्हा मी बंदूक उचलली. आणि ओरोर, माझ्या हातांनी काय केलं माहीत आहे? चकती पकडली, आकड्याच्या पार खाली नेली आणि परत हळूच वर आणली. मी ठरवलं नव्हतं. बोटांनीच केलं. मग दुर्बिणीत त्याच्या कोटाचं बटण दिसलं. तिथेच लागली.

शेरीफनं विचारलं तेव्हा मी हे सगळं खरं खरं सांगितलं. आता तेच उलटलंय. सरकारी वकील म्हणतो, घाबरलेली बाई चकत्या फिरवत बसत नाही, थंड डोक्याची बाई फिरवते. म्हणतो, कुऱ्हाड तर मासे पकडायला बर्फावर जाणारा प्रत्येक जण नेतो. आणि म्हणतो, नाणी उडवणारा माणूस एवढ्या जवळून तीनदा चुकेल का? त्यानं मुद्दाम डोक्यावरून मारल्या, बायकोला परत बोलवायला. ओनेझीमचा भाऊ गावभर हेच सांगतोय, आणि गाव मान डोलावतंय. जन्मठेप होईल असं माझा वकील न बोलता सांगतो.

पण मला रात्री वेगळंच खातंय. तो खरंच कधी चुकत नव्हता, ओरोर. मी बघितलंय ना. मग त्याला मला मारायचं नव्हतंच का? नुसतं घाबरवत होता का? मी माझ्या नवऱ्याला उगाचच मारलं का?

इरेन


स्प्रिंगफील्ड
१५ जानेवारी

इरेन,

रडणं बंद कर आणि नीट वाच. दोनदा वाच.

तिन्ही गोळ्या तुझ्या पाठीसाठीच होत्या. त्या डोक्यावरून गेल्या त्या माझ्यामुळे. तो चुकला नाही, मी त्याला चुकवला.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा त्याची दुर्बीण बाकावर उघडी पडली होती. आधी हातोडा उचलला. मग खाली ठेवला. फोडली असती तर त्यानं दुसरी आणली असती. झकास दुरुस्त झालेली दुर्बीण मात्र माणूस कधी बदलत नाही. म्हणून झकासच केली, पण एका बाजूनंच. नव्या नटाचे आटे मीच खरवडले, मोकळी चाल ठेवली. स्प्रिंग अर्धी कापली, म्हणजे ती चाल कुणी खाऊ नये. नळीखाली चामडं चिकटवलं, म्हणजे धक्क्यानं नळी हलू नये, खडखडू नये, त्याला संशय येऊ नये. लांबच्या आकड्यावर जायचं तर चकती खालून वर चढते, तिथे नेम खरा. जवळच्या आकड्यावर तो येणार वरून उतरून, आणि शिकारी लोक आकडा दिसला की थांबतात, त्यांना कुणी पट्टीनं मारलेलं नसतं. आकडा खाली आला, नळी वरच राहिली. गोळी डोक्यावरून. महिनाभर मागच्या कुरणात बोलेकला बंदूक धरायला लावून मी हे तपासलं. बोलेकला सांगितलं, गिऱ्हाईक खुळचट आहे.

आणि चिठ्ठी घाईत राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी चिठ्ठीशिवाय काम बाहेर पाठवलं. त्याला ती वाचायला मिळू नये म्हणून.

एकच माझ्या डोक्यात आलं नाही. की ती बंदूक तुझ्या हातात येईल. तू दुकानातलीच पोर आहेस हेच मी विसरले. आणि हेही आलं नाही की तो तीनदा चुकला म्हणून लोक त्याला साधू ठरवतील. मी फक्त तू पळशील एवढंच बघितलं.

मी येतेय. बसनं, सोमवारी निघते. ती दुर्बीण कोर्टात ठेवलीये ना? तुझ्या वकिलाला सांग, तिला कुणी तेल लावू नये, पुसू नये, स्क्रूला हात लावू नये. मी साक्ष देणार. निकाल देणाऱ्या पंच मंडळींतल्या एकेकाच्या हातात देणार, आधी वरून आण, मग खालून आण, आणि नळी कुठे जाते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ म्हणणार. बटाटे काढणाऱ्या माणसालाही कळेल.

बोलेक म्हणाला, "बाई, तुम्ही शपथेवर सांगणार की तुम्ही मुद्दाम यंत्र बिघडवलं? उद्या आपला स्क्रू कोण विकत घेईल?" मी म्हटलं, "कुणी नाही." तो म्हणाला, "मग?" मी म्हटलं, "मग काय, लेथ विकू." तो शिव्या घालत लेथ पुसायला गेला. पोलिश शिव्या लांब असतात, जेवणापर्यंत चालल्या.

तव्याबद्दल लिहिलं ते मूर्खपणाचं होतं. आणखी काही म्हणणार नाही.

जबड्याला शेक दे.

ओरोर


स्प्रिंगफील्ड, व्हरमाँट
२७ मार्च १९५५

ओरोर,

तुला हे पत्र मी जिथून लिहीत होते त्याच ठिकाणी पाठवतेय याचं मला हसू येतं, मग जबडा दुखतो. डावीकडची कोठडी मिळाली असेल तर खिडकीतून वारा येतो, फटीत मोजा कोंब. रात्रीची पहारेकरीण चांगली आहे, तिला प्लॉयची धिरडी आवडतात, करून देते म्हटलंस तर चुलीपाशी बसू देईल.

माझी सुटका झाली आणि तू आत गेलीस. पंच बाहेर येईपर्यंत तरी थांबायचंस. ओनेझीमचा भाऊ माझ्या तोंडावर थुंकला हे खरं, पण मी तोंड पुसलं होतं. तू कोर्टाच्या जिन्यात पुराव्यातल्या त्याच दुर्बिणीनं त्याचं नाक फोडलंस. न्यायाधीशांनी विचारलं, "पश्चात्ताप आहे?" आणि तू म्हणालीस, "आहे. नळी वाकली." महिनाभर आत राहणं तुला स्वस्तात पडलं असं वकील म्हणतो.

दुकानाचं सांगते, तू विचारायच्या आधी. जमीन मोजणाऱ्यांनी सगळा माल परत पाठवला. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी पत्रंही पाठवली नाहीत, नुसत्या पेट्या. एकानं मात्र लिहिलं की जी बाई इतकं बारीक चुकवू शकते ती बारीक बरोबरही करत असेल, सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू पाठवा. बोलेक म्हणतो माणूस वेडा आहे, पण त्यानं लेथ विकली नाही. मी तुझ्या बाकावर बसते. उजवा हात पुरता मिटत नाही, तरी चकती फिरवता येते.

आता एक गोष्ट, आणि ती तुला आवडणार नाही. तू साक्षीत म्हणालीस, "आमच्या बापाच्या पट्टीनं हिला वाचवलं." सगळ्यांनी माना हलवल्या, एक बाई रडलीही. मी गप्प बसले, कारण ते माझ्या बाजूचं होतं. पण ते अर्धंच खरं आहे. पट्टीनं माझ्या बोटांना खालून वर यायला शिकवलं, मान्य. पण मारणाऱ्या माणसासमोर हात पुढे करून उभं राहायलाही तिनंच शिकवलं. ओनेझीमनं दारात हात ठेव म्हटलं, तेव्हा मी ठेवला होता, ओरोर. त्यानं ओढला नव्हता. मी स्वतः ठेवला होता, सांधे वर करून, पापासमोर ठेवायचो तसा. हे मी कोर्टात सांगितलं नाही. तुला सांगतेय.

पट्टी अजून खिळ्याला टांगलेली होती. काल मी ती काढली. वाकता वाकत नव्हती, चांगलं पोलाद होतं. बोलेकनं व्हाइसमध्ये आवळून धरली, तोंड फिरवून उभा राहिला. मी हातोडा मारला. पहिल्या घावाला वाजली, दुसऱ्याला तुटली, तुकडा उडून माझ्या गालावर ओरखडा गेला. रक्त आलं. पुसलं आणि कामाला बसले.

दोन तुकडे झाले. एक मी नदीत टाकला. दुसरा तुझ्या बाकावर ठेवलाय. आलीस की तुझा तू टाक.

इरेन